खणभागातले दोन कॉम्प्युटर

प्रश्न : सांगलीत खणभागात आमचं डीटीपी आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. २०१९ च्या पुरात दोन्ही कॉम्प्युटर पाण्यात गेले. त्याच दिवाळीत मिरजेहून दोन सेकंडहँड आणले, आय-फाइव्ह, आठ जीबी रॅमचे. आजवर त्यांनी कधी त्रास दिला नाही. आता पडद्यावर विंडोज १० चा सपोर्ट संपल्याचा मेसेज येतो. दुरुस्तीला येतात ते म्हणतात, यावर विंडोज ११ चढत नाही, भंगारात द्या आणि नवीन दोन घ्या. एकदम दोन मशीनचे पैसे काढायचे तर लेकीची फी अडते. ह्यांचं म्हणणं, चालतंय तोवर चालवू. लेक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ती म्हणते विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची सिस्टीम टाकू. पण माझं सगळं काम श्रीलिपीचे मराठी फॉन्ट, पानं लावायचं पेजमेकर आणि डिझाइनचं कोरल यांवर. त्यात लगीनसराई तोंडावर आलीय. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, सांगली

ताई,

आधी मनातला ‘भंगार’ हा शब्द काढून टाका. तुम्ही पाठवलेल्या फोटोत प्रोसेसरचं नाव स्पष्ट दिसतंय, आय-फाइव्ह ६५००. चार कोर, ३.२ गिगाहर्ट्झ. २०१५ साली आलेला हा प्रोसेसर पत्रिका, बिलबुकं, अर्ज आणि पीडीएफ यांच्या कामाला आजही पुरून उरतो. तुमच्या मशीनमध्ये काही बिघडलेलं नाही. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची अपडेट थांबवली, आणि विंडोज ११ साठी जी प्रोसेसरांची यादी केली, तिच्यात इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचेच घेतले. सातव्या पिढीतले अगदी मोजके आहेत. तुमचा सहाव्या पिढीचा. ६५०० मधला पहिला आकडा पाहिला की पिढी कळते. तेव्हा ‘अकरा चढत नाही’ हे तुमच्या दुरुस्तीवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण त्यावरून मशीन फेकून द्यावं असं ठरत नाही.

मात्र ‘चालतंय तोवर चालवू’ हेही मला पटत नाही. तुमच्या मिस्टरांचा मुद्दा मी समजू शकतो, पैसा कष्टाचा आहे. पण तुमच्या काउंटरवर रोज लोकांची आधार कार्डं, पॅन कार्डं, बँकेची पासबुकं येतात. धोका फक्त तुमच्या फायलींना असता, तर मी एवढा जोर दिला नसता.

अपडेट म्हटलं की आपल्याला वाटतं, काहीतरी नवं दिसणार, बटणं इकडची तिकडे होणार. खरं महत्त्वाचं काम न दिसणारं असतं. विंडोजमध्ये सतत कुठं ना कुठं भोकं सापडत असतात, आणि दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट ती बुजवणारी ठिगळं पाठवते. १४ ऑक्टोबर हा तसाच एक दुसरा मंगळवार होता. आता गंमत नाही, काळजी अशी आहे की विंडोज १० आणि ११ एकाच घराण्यातली आहेत. आतला पुष्कळ भाग दोन्हींत सारखाच आहे. अकरामधलं एखादं भोक बुजवलं की ते ठिगळ उलगडून बघणारी माणसं जगात बसलेली आहेत. ठिगळ कुठं लावलंय ते पाहिलं की दहामध्ये तेच भोक कुठं उघडं पडलंय ते त्यांना कळतं. म्हणजे तुमच्या मशीनला तुम्ही हातही लावला नाहीत, तरी दर महिन्याला ते आधीपेक्षा जास्त उघडं पडत जातं. ‘सहा महिने काही झालं नाही, म्हणजे पुढेही होणार नाही’ हा हिशेब इथं लागू पडत नाही.

मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस आठवत असेल. ज्या भोकातून तो शिरला, त्याचं ठिगळ १४ मार्चलाच आलेलं होतं. हल्ला झाला १२ मेला. मधले दोन महिने ज्यांनी अपडेट घेतलं नाही आणि ज्यांच्याकडे सपोर्ट संपलेलं विंडोज होतं, ते सापडले. इंग्लंडमधली सरकारी रुग्णालयं त्यात होती, आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे काही कॉम्प्युटर होते. फायली कुलूपबंद, पडद्यावर लाल खिडकी आणि तीनशे डॉलरची मागणी. विंडोज एक्सपीचा सपोर्ट २०१४ च्या एप्रिलमध्येच संपलेला होता. त्याच्यासाठी मायक्रोसॉफ्टला हल्ल्यानंतर अपवाद म्हणून ठिगळ काढावं लागलं. तोवर ज्यांचं जायचं ते गेलं होतं.

पुढे तशाच एका खंडणीखोर व्हायरसने धरलेलं एका फोटो स्टुडिओचं मशीन माझ्याकडे आलं होतं. फोल्डर उघडला तर प्रत्येक फोटोच्या नावामागे एक न वाचता येणारं शेपूट चिकटलेलं. एका लग्नाचे फोटो अजून द्यायचे राहिले होते. मालक माझ्या शेजारी बसून एकेका फाइलवर डबल क्लिक करत होते. एक उघडली नाही की पुढची, ती नाही की त्याच्या पुढची. बॅकअप कुठेच नव्हता. मी त्यांना थांबवलं नाही, थांबवायला माझ्याकडे दुसरं काही सांगण्यासारखंही नव्हतं. ते मशीन आदल्या दिवसापर्यंत उत्तम चालत होतं.

तुम्ही सांगलीच्या आहात, पूर बघितलेल्या आहात, म्हणून तुम्हाला हे लगेच कळेल. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर आलं की इशारा पातळी, ४५ वर धोका पातळी. चाळीसला कुणी घर सोडून पळत नाही, पण कुणी पांघरूण ओढून झोपतही नाही. खालचं सामान माळ्यावर जातं. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा चाळीसला हात हलवलेल्यांचं थोडंफार तरी वाचलं. तुमच्या दोन कॉम्प्युटरांसाठी १४ ऑक्टोबर २०२५ ही इशारा पातळी होती. धोका पातळी आहे १३ ऑक्टोबर २०२६. मधल्या महिन्यांत सामान वर चढवायचं आहे.

ही दुसरी तारीख अशी. घरगुती वापराच्या विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची वाढीव सुरक्षा अपडेट ठेवली आहेत, त्यांना ईएसयू म्हणतात. त्यात नाव नोंदवावं लागतं, आपोआप मिळत नाहीत. स्टार्टमध्ये विनव्हर टाइप करून एंटर मारा आणि खिडकीत २२एच२ असं दिसतंय का बघा. नसेल तर आधी तेवढं अपडेट करून घ्या. मग सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट असं गेलात की उजव्या बाजूला किंवा मधोमध ‘एनरोल नाऊ’ दिसेल. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतंच. त्या खात्याने साइन इन करून विंडोज बॅकअपमध्ये सेटिंग्ज सिंक चालू केलीत, तर पैसे पडत नाहीत. दुसरा मार्ग मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट, तिसरा ३० डॉलर किंवा तेवढ्या किमतीचं स्थानिक चलन. तुम्ही पहिलाच घ्या. एका खात्यावर दहा कॉम्प्युटरांपर्यंत चालतं, त्यामुळे दोन्ही एकाच खात्यात बसतील. कंपनीच्या डोमेनला जोडलेल्या मशीनना ही घरगुती योजना लागू नाही, पण तुमची दोन्ही सुटी आहेत. खात्याचा पासवर्ड दुकानाच्या वहीत नको, घरातल्या डायरीत लिहून ठेवा. असे पासवर्ड हरवून बसलेली दुकानं मी खूप बघितली आहेत.

हे करताना सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन हे पानही उघडून बघा. सेकंडहँड मशीनवर कधी कधी विंडोज खऱ्या लायसन्सचं नसतं, कुठल्यातरी ॲक्टिव्हेटरने ‘चालू करून’ दिलेलं असतं. तसं असेल तर ती ॲक्टिव्हेटरची फाइलच मोठा धोका आहे, आणि मग मशीन स्वच्छ करून घेणं हे पहिलं काम.

नोंदणी झाली की लगीनसराई निवांत करा. ऐन एप्रिल-मे महिन्यात, दारात गिऱ्हाईक उभं असताना, मशीनमध्ये काहीही बदलायचं नाही. हे मी कळकळीने सांगतो. पत्रिकेला एक दिवस उशीर झाला तर लग्न पुढं ढकलता येत नाही. जून उजाडला की पुढच्या कामाला लागा.

आता तुमच्या लेकीच्या सूचनेकडे येतो. तिचं म्हणणं बरोबर आहे, पण एका कॉम्प्युटरपुरतं. तुमच्याकडे दोन मशीन आहेत आणि सध्या दोन्हींवर सगळंच चालतं. इथंच बदल करा. पुढच्या काउंटरवरच्या मशीनकडे बाहेरचं सगळं द्या : व्हॉट्सॲप वेब, ईमेल, सरकारी फॉर्म, बँक, गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह. आतल्या मशीनकडे फक्त श्रीलिपी, पेजमेकर, कोरल. धोका शिरतो तो पुढच्या दारातून, आणि पुढच्या दाराची सगळी कामं ब्राउझरमध्ये होतात. ती लिनक्सवर तितकीच चांगली होतात. लिनक्स म्हटलं की काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायच्या, अशी भीती वाटते, पण लिनक्स मिंट हा त्यातलाच एक सोपा प्रकार तुम्ही उघडून बघा. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, घड्याळ उजवीकडे. विंडोजवर हात बसलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी वापरता येतं. मिंटची २२ ही मालिका २०२९ पर्यंत अपडेट घेत राहील आणि तिला लायसन्सचे पैसे लागत नाहीत. चार जीबी रॅमवरही ती समाधानाने चालते, तुमच्याकडे आठ आहे. आणि हा काही हौशी लोकांचा खेळ नाही. केरळातल्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर शिकवत आहेत.

मराठी टायपिंगचं काय, हे तुमच्या मनात आलंच असेल. मिंटमध्ये इनस्क्रिप्ट आहे, फोनेटिक आहे आणि टाइपरायटरवर शिकलेल्यांसाठी रेमिंग्टनही आहे. जो हात बसलाय तोच ठेवता येईल. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक असलेल्या पद्धतीत, टाइप केलेला अर्ज कुठल्याही मशीनवर, मोबाइलवर तसाच उघडतो.

मग आतल्या मशीनवर लिनक्स का नको? कारण तुमच्या जुन्या फायली युनिकोडमध्ये नाहीत. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेलाच नसतो. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची जी घरं असतात, त्यांत मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असतात. तो फॉन्ट असेपर्यंत पत्रिका पत्रिका दिसते. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडली की नुसता चिन्हांचा ढीग. हे तुम्ही अनुभवलंच असेल, गिऱ्हाईक फोन करून म्हणतं, ‘ताई, तुम्ही पाठवलेलं काहीच वाचता येत नाही.’ पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, त्यानंतर ॲडोबीने ते पुढं नेलंच नाही. लिनक्सवरचं लिबरऑफिस पेजमेकरच्या आणि कोरलच्या काही फायली उघडतं, मी स्वतः उघडून बघितल्या आहेत, पण ओळी सरकतात, जोडाक्षरं तुटतात. मुहूर्ताची वेळ एका ओळीत आणि ‘मिनिटांनी’ पुढच्या ओळीत, अशी पत्रिका छापायला देता येत नाही. तेव्हा आतल्या मशीनवर विंडोज १० राहू द्या. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत त्यालाही अपडेट मिळत राहतील. त्यानंतर त्याची इंटरनेटची वायर काढा, वायफाय बंद करा आणि ते नुसतं पत्रिकांचं मशीन म्हणून वापरा.

वायर काढली म्हणजे दार पूर्ण बंद झालं असं मात्र समजू नका. डीटीपीच्या दुकानात व्हायरस येतो तो पेनड्राइव्हवरून. शॉर्टकट व्हायरसने एकदा तरी डोकं धरायला लावलं नाही असं दुकान मला माहीत नाही. म्हणून एक शिस्त घाला. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह थेट आतल्या मशीनला कधीही लावायचा नाही. तो पुढच्या लिनक्सवर लावायचा, हवी ती फाइल तेवढी काढून घ्यायची, आणि दुकानाच्या स्वतःच्या, वेगळ्या रंगाच्या पेनड्राइव्हवरून आत न्यायची. फोटो, पीडीएफ, मजकूर एवढंच आत जाईल. ज्या फाइलवर डबल क्लिक केल्यावर काहीतरी चालू होतं, ती आत जाणार नाही. डिफेंडर या विंडोजमधल्याच अँटीव्हायरसला व्हायरस ओळखण्याची माहिती २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत मिळत राहणार आहे. नेट नसलेल्या मशीनसाठी ती एका फाइलच्या रूपात मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवता येते. आठवड्यातून एकदा पुढच्या मशीनवर उतरवायची आणि त्याच पेनड्राइव्हवरून आत न्यायची. वरच्या डबल क्लिकच्या नियमाला हा एकच अपवाद. पण ‘डिफेंडर आहे ना, मग झालं’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. डिफेंडर ओळखीचे चोर पकडतो, भिंतीतलं भोक बुजवत नाही.

आता प्रत्यक्ष काम, लेकीला वाचायला द्या. पहिला रविवार नुसता बघण्यात घालवा. ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह घ्या, त्याच्यावर मिंट चढवा आणि काउंटरचं मशीन त्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. चालू होताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप दाबलं की कशावरून सुरू करायचं ते विचारतं. कंपनीप्रमाणे बटण बदलतं. असं सुरू केलेलं मिंट आतल्या डिस्कला हात लावत नाही, तुम्ही ‘इन्स्टॉल’वर क्लिक करेपर्यंत. या नुसत्या बघण्याच्या दिवशीच प्रिंटर लावून एक पान काढा, स्कॅनरवर एक आधार कार्ड ठेवून स्कॅन करा, व्हॉट्सॲप वेब उघडा, तुम्ही नेहमी भरता तो एखादा फॉर्म शेवटच्या पानापर्यंत न्या. प्रिंटरकडे विशेष लक्ष द्या. एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्सवर लगेच चालतात, पण दुकानांत दिसणारे काही जुने छोटे लेझर प्रिंटर हट्टी आहेत. तो चाललाच नाही तर प्रिंटर आतल्या मशीनला जोडा आणि छपाई तिथून काढा. काउंटरवरून पीडीएफ आत न्यायची. थोडे हेलपाटे पडतील, पण नवा प्रिंटर लागणार नाही. बोटाचा ठसा घेणारं यंत्र किंवा डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर तेही त्याच दिवशी लावून बघा. ते लिनक्सवर चाललं नाही तर तेवढ्या कामासाठी विंडोज ठेवावं लागेल, हे आधीच कळलेलं बरं.

सगळं जमतंय असं दिसलं तरी आहे त्या डिस्कवर मिंट टाकू नका. मला सगळ्यात भरवशाची वाटणारी रीत वेगळी आहे. एक छोटी नवी एसएसडी, म्हणजे आत काहीही न फिरणारी वेगवान डिस्क, घ्या, २४० जीबीची पुरे. काउंटरच्या मशीनचं डावं झाकण दोन स्क्रूंवर असतं. ते काढलं की हाताएवढी डिस्क दिसेल, तिला एक चपटी पातळ केबल डेटाची आणि एक जरा रुंद करंटची. मशीन बंद करून, प्लग भिंतीतून काढून, त्या दोन्ही केबल जुन्या डिस्कवरून ओढा आणि नव्या एसएसडीला लावा. मिंट तिच्यावर टाका. जुनी डिस्क जशीच्या तशी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवा, वर चिकटपट्टी लावून तारीख लिहा. मन बदललं, काही अडलं, तर त्याच दोन केबल परत लावल्या की तुमचं जुनं विंडोज पाच मिनिटांत समोर. विंडोज आणि मिंट दोन्ही एकाच डिस्कवर ठेवून सुरुवातीला निवड करण्याची जी रीत मुलं सुचवतात, ती घरी ठीक आहे, दुकानात नको. घाईच्या वेळी कुणीतरी चुकीचं दाबतं. आणि काउंटरच्या मशीनमध्ये अजून जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी लावल्यावर वेगातला फरक तुमच्या मिस्टरांनाही न सांगता कळेल.

यापूर्वीचं एक काम मात्र लगीनसराई असली तरी थांबवू नका, कारण त्याला मशीनमध्ये काही बदलावं लागत नाही. तुमच्या पत्रिकांचे नमुने, फॉन्टच्या फायली, सॉफ्टवेअरच्या सीडी आणि त्यांचे सिरियल नंबर एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क दुकानात ठेवू नका, घरी वरच्या मजल्यावर ठेवा. खणभागात का नको, हे मी सांगायला नको. जे नमुने पुन्हा पुन्हा लागतात त्यांची पीडीएफही काढून ठेवा; पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसलेला असतो, त्यामुळे उद्या श्रीलिपी नसलेल्या मशीनवरही ती छापता येईल. तुमच्या सॉफ्टवेअरला डाँगल, म्हणजे यूएसबीला लावायची लायसन्सची किल्ली, असेल तर तो जपा, त्याची दुसरी प्रत निघत नाही.

आणि काउंटरच्या मशीनचा डाउनलोड्स फोल्डर आज रात्री उघडून बघा. प्रिंट काढायला आलेल्या माणसाने व्हॉट्सॲप केलेलं आधार, कुणाचं पॅन, कुणाचा सातबारा, कुणाचा उत्पन्नाचा दाखला, वर्षानुवर्षं तिथंच साठलेलं असतं. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल एवढाच तो असतो, आणि ते दोन्ही त्याच माणसाच्या दुसऱ्या कागदावर लिहिलेलं असतं. आपल्या भरवशावर माणसं हे कागद देतात. रोज दुकान बंद करताना तो फोल्डर रिकामा करायचा आणि रिसायकल बिनही. कुणी शेतकरी पीक विम्याच्या अर्जासाठी आला, तर त्याचा कागद त्याच्या कामापुरता आपल्याकडे राहावा, त्याहून जास्त नाही.

तुमच्या दुरुस्तीवाल्यांनी अजून एक गोष्ट सुचवली तर सांभाळा : ‘जुगाड करून अकरा चढवून देतो.’ तपासणी चुकवून विंडोज ११ बसवता येतं हे खरं आहे. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि मोठं वार्षिक अपडेट आलं की पुन्हा हाताने तोच जुगाड करावा लागतो. ज्या कारणासाठी एवढा खटाटोप करायचा, तेच कारण त्यात हुकतं.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एवढंच : तुमचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल आणि तरीही ‘हा कॉम्प्युटर अकरासाठी पात्र नाही’ असं येत असेल, तर नवीन घेण्याआधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन बघा. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम नावाची सुरक्षेची सोय बहुतेकदा तिथं असतेच, नुसती बंद असते. इंटेलमध्ये पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम या नावाने. ती चालू केली की काम झालं, अशी मशीन मी बरीच पाहिली आहेत.

शेवटी खर्चाचं. दोन नवी मशीन तुम्हाला लागत नाहीत. पण पत्रिकांचं मशीन तुमचं पोट भरतं, त्यामुळे वर्ष-दीड वर्षात एक मशीन घ्यायची तयारी ठेवा, भिशी किंवा आरडी, जे जमेल ते. सेकंडहँड घेतलं तरी चालेल, फक्त प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा आहे हे बिलावर लिहून घ्या, आणि विंडोज खऱ्या लायसन्सचं आहे का ते दुकानातच उघडून बघा. त्याच्यावर युनिकोड चालणारी आजची सॉफ्टवेअर घ्या. तोवर नव्या पत्रिकांचा मजकूर जमेल तसा युनिकोडमध्ये करायला लागा. जुने नमुने बदलत बसू नका, गिऱ्हाईक जो मागेल तोच बदला. असं केलंत तर नवं मशीन येईल तेव्हा निम्मं काम आधीच झालेलं असेल. आणि आतलं जुनं मशीन तेव्हाही टाकून देऊ नका. त्याच्यावर मिंट टाकून लेकीला द्या, प्रोग्रॅमिंग शिकायला त्याच्यापेक्षा चांगलं काही नाही. कधी काळी ते खरोखरच बंद पडलं, तर डिस्क काढून घेतल्याशिवाय भंगारवाल्याला देऊ नका. तुमच्या दुकानातून गेलेल्या प्रत्येक कागदाची खूण तिच्यावर असते, आणि फाइल डिलीट केली म्हणजे ती पुसली गेली असं होत नाही.

ज्या पेनड्राइव्हवर मिंट चढवाल तो पूर्ण पुसला जातो, तेव्हा आधी त्याच्यात काय आहे ते नीट बघून घ्या. आणि पहिल्या रविवारी प्रिंटर चालला नाही तर त्याच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर मला लिहून पाठवा, मी बघतो.